आज्ञा, पोच आणि ताळा : चित्रमुद्रण-यंत्रांच्या दूरनियंत्रणाचा विचार

१

यंत्र आणि ते चालविणारा मनुष्य एकाच ठिकाणी असतात तोवर यंत्राने आज्ञा पाळली की नाही, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. शिवणयंत्राच्या पायडलावर पाय ठेवणाऱ्याला सुईची हालचाल दिसते, तिचा आवाज ऐकू येतो आणि कापड पुढे सरकल्याचे बोटांना कळते. कृती आणि तिचे फल यांच्यामध्ये तेथे तिसरे कोणी नसते. यंत्र दुसऱ्या खोलीत नेले आणि मनुष्यापुढे केवळ कळांचा एक फलक ठेवला, की ही सहज मिळणारी साक्ष नाहीशी होते. कळ दाबली एवढेच मनुष्याला निश्चित ठाऊक असते. पलीकडे काय घडले हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

म्हणून दूरनियंत्रण-फलक म्हणजे लांब तारेने जोडलेल्या कळांचा समूह, ही व्याख्या अपुरी आहे. फलकातून आज्ञा जाते हे त्याचे अर्धे कार्य होय. यंत्राची स्थिती फलकापर्यंत परत येते हे दुसरे अर्धे, आणि तेच अधिक कठीण. चित्रमुद्रणाच्या यंत्रांत या दुसऱ्या अर्ध्याचे महत्त्व विशेष आहे. दिवा लागला नाही तर खोलीतला अंधार ते सांगतो. मुद्रण झाले नाही तर त्या क्षणी काहीच सांगत नाही. ते कळते नंतर, फीत किंवा फाइल पाहताना. आणि तोवर मुद्रित करावयाचा प्रसंग होऊन गेलेला असतो.

या यंत्रांचा विचार भाषेच्या अभ्यासकानेही करावा, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे, फलक आणि यंत्र यांच्यामधील व्यवहार हा आज्ञा, होकार, नकार आणि विधान यांचाच व्यवहार आहे. दुसरे म्हणजे, बोलींच्या आणि अल्पसंख्यांच्या भाषांच्या संशोधनात आता चित्रमुद्रणाचा सर्रास उपयोग होतो, आणि तेथे हुकलेले मुद्रण कित्येकदा पुन्हा करता येत नाही.

२

अमेरिकेतील अँपेक्स कंपनीत चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले चित्रमुद्रण-यंत्र १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागो येथे दाखविण्यात आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी सीबीएस या प्रसारणसंस्थेने त्याचा प्रसारणात उपयोग केला. न्यूयॉर्कहून आलेले डग्लस एडवर्ड्स यांचे वार्तापत्र हॉलिवूड येथे फितीवर घेण्यात आले आणि पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांना ते तीन तासांनी दाखविण्यात आले. या यंत्रात दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला पंधरा इंच वेगाने पुढे सरके, आणि चार हेड बसविलेले चक्र मिनिटाला १४,४०० फेरे घेत तिच्यावर आडवे पट्टे लिहीत जाई. कळ दाबताक्षणी असे यंत्र स्थिर होणे शक्यच नव्हते. फीत आणि चक्र यांचे वेग परस्परांशी जुळून चित्र ठरण्यास काही सेकंद लागत.

यंत्र अवजड होते, गोंगाट करणारे होते आणि त्याला स्वतंत्र तंत्रज्ञ लागे. त्यामुळे त्याची जागा निर्मात्याच्या नियंत्रण-कक्षाबाहेर असणे स्वाभाविकच होते. अशा वेळी दूरनियंत्रणाचे पहिले साधन होते ते मनुष्याचा आवाज. निर्माता कानाला लावलेल्या यंत्रातून सूचना देई आणि तंत्रज्ञ ती पाळी. चित्रपटाच्या सेटवरील रीतही हीच आहे. दिग्दर्शक किंवा त्याचा सहायक ‘रोल कॅमेरा’ म्हणतो. कॅमेऱ्यामागून ‘रोलिंग’ असे उत्तर येते. आणि ते आल्यावरच ‘ॲक्शन’ हा शब्द उच्चारला जातो. यातील दोन रूपे लक्षात घेण्याजोगी आहेत. ‘रोल’ ही आज्ञा आहे, तर ‘रोलिंग’ हे चालू स्थितीचे निवेदन आहे. उत्तर देणारा केवळ ‘ऐकले’ असे म्हणत नाही. यंत्र चालू झाले आहे हे पाहून तो बोलतो. या दोन रूपांतील अंतरातच दूरनियंत्रणाचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

७ डिसेंबर १९६३ रोजी फिलाडेल्फिया येथे झालेल्या सैन्यदल विरुद्ध नौदल या फुटबॉल सामन्यात सीबीएसचे दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी एक खेळी, ती घडल्यानंतर लगेच, फितीवरून पुन्हा दाखविली. आज ‘रिप्ले’ या नावाने घरोघरी परिचित असलेली ही क्रिया त्या दिवशी इतकी अपूर्व होती, की सैन्यदलाने पुन्हा गुण मिळविलेला नाही, असा खुलासा निवेदकाला करावा लागला. व्हर्ना यांच्यापुढील अडचण यंत्राला आज्ञा देण्याची नव्हती. फितीवरील हवी ती जागा नेमकी कोठे आली आणि यंत्र तोवर स्थिर झाले की नाही, हे कळण्याची होती. फितीच्या ध्वनिपट्टीवर त्यांनी खूण म्हणून स्वर नोंदवून ठेवले होते. ते स्वर ऐकून जागा ओळखता येई. चित्र दिसण्यापूर्वी कानाला मिळणारी ही खूण म्हणजे यंत्राकडून परत येणारी साक्षच होती.

३

पुढे मनुष्याच्या आवाजाची जागा फलकाने घेतली. व्यावसायिक फलकावर प्रायः पुढील गोष्टी आढळतात : थांबणे, चालविणे, मुद्रण करणे, वेगाने पुढे वा मागे नेणे यांच्या कळा, एक फिरती तबकडी, टाइमकोडाचे आकडे दाखविणारी खिडकी, आणि निरनिराळे दिवे. तबकडीचा उपयोग दोन प्रकारे होतो. एका प्रकारात तबकडी जेवढी फिरवावी तेवढीच चित्रे पुढे वा मागे जातात. हा ‘जॉग’ होय. दुसऱ्या प्रकारात तबकडी किती वळविली यावर फितीचा वेग ठरतो आणि तबकडी तशीच ठेवली तर फीत त्याच वेगाने धावत राहते. हा ‘शटल’ होय. पहिल्यात हाताची हालचाल म्हणजे अंतर, दुसऱ्यात हाताची स्थिती म्हणजे वेग. नवशिक्याच्या बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्याने होतात.

मुद्रणाच्या कळेला बहुधा विशेष संरक्षण असते. अनेक यंत्रांत ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ या दोन कळा एकाच वेळी दाबल्याखेरीज मुद्रण सुरू होत नाही. याचे कारण उघड आहे. अन्य कोणतीही आज्ञा चुकून दिली गेल्यास वेळ जातो. ही आज्ञा चुकून दिली गेल्यास फितीवर आधी असलेले पुसले जाते. शिवाय कॅसेटवरच मुद्रणबंदीची सोय असते. म्हणजे आज्ञा देणाऱ्याचा हेतू दोन बोटांनी सिद्ध करावा लागतो आणि तरीही कॅसेटची अनुज्ञा लागतेच.

आता फलकावरील शब्दांकडे वळावे. कळेवर ‘रेकॉर्ड’ असे लिहिलेले असते आणि पुष्कळदा त्याच कळेच्या पोटात तांबडा दिवा असतो. एकच जागा, एकच शब्द. पण तो दोन निराळ्या वाक्यांचे काम करतो. इंग्रजीत आज्ञार्थाचे रूप हे धातूचेच रूप असते आणि लिपीत नामही तसेच दिसते; उच्चारात मात्र नामाचा आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर असतो. फलकावर आघात छापता येत नाही. त्यामुळे तो शब्द कळेवर असता ‘मुद्रण कर’ असा होतो आणि दिवा लागला असता ‘मुद्रण चालू आहे’ असा होतो, हा फरक दृष्टीआड राहतो. मराठीत फलक लिहावयाचा झाल्यास ही सोय मिळणार नाही. ‘कर’ लिहावयाचे की ‘चालू आहे’, याचा निर्णय घ्यावाच लागेल. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या (१९११) परिभाषेत बोलावयाचे तर कळ आज्ञार्थी आहे आणि दिवा स्वार्थी आहे.

हा भेद केवळ रूपाचा नाही. आज्ञा खरी किंवा खोटी नसते. ती सफल होते किंवा विफल होते. विधान मात्र खरे असते किंवा खोटे असते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही उक्तींना सत्यासत्याची कसोटी लागू न होता यशापयशाची कसोटी लागू होते, हे दाखवून दिले. फलकापुढे बसणाऱ्याने स्वतःस विचारावयाचा प्रश्न याच कसोटीचा आहे : समोरचा दिवा आपण दिलेल्या आज्ञेची आठवण करून देतो, की यंत्राच्या स्थितीविषयी विधान करतो? दिवा कळेच्याच विजेवर लागत असेल तर तो पहिल्या प्रकारचा होय आणि त्याचे प्रामाण्य शून्य आहे. यंत्राकडून आलेल्या संदेशाने लागत असेल तरच त्याला साक्षीदार म्हणता येईल.

इंग्रजीत अशा दिव्याला ‘टॅली’ म्हणतात. हा शब्द मुळात खाचा पाडलेल्या काठीचा आहे. देणेकरी आणि घेणेकरी यांच्यातील हिशोबाच्या खाचा एका काठीवर पाडून ती उभी चिरीत आणि प्रत्येक जण एकेक भाग ठेवी. पुढे दोन भाग जुळविले की खाचा जुळल्या पाहिजेत. मराठीत गणिताचे उत्तर पडताळून पाहण्यास ‘ताळा करणे’ म्हणतात. ध्वनिसाम्यावरून दोहोंचे नाते जुळविण्याच्या मोहात पडू नये. अर्थ मात्र नेमका तोच आहे. आज्ञेची खाच आणि स्थितीची खाच जुळली, तरच ताळा झाला.

४

आरंभीच्या फलकांत प्रत्येक कार्याला स्वतंत्र तार असे. थांबविण्याची एक, चालविण्याची एक, आणि परत येणाऱ्या प्रत्येक दिव्याचीही एक. ही रचना समजण्यास सोपी, पण कार्ये वाढली की तारांचा जुडगा वाढे. १९८० च्या दशकात सोनी कंपनीच्या यंत्रांबरोबर रूढ झालेल्या क्रमवार संदेशपद्धतीने हा प्रश्न सोडविला. तिच्यात नऊ पिनांचा जोड वापरतात आणि एकाच मार्गाने संदेश अंकांच्या रूपात एकामागून एक पाठवितात. पुढे अन्य उत्पादकांनीही ही पद्धत स्वीकारली, त्यामुळे एका कंपनीच्या फलकाने दुसऱ्या कंपनीचे यंत्र चालविता येऊ लागले.

या पद्धतीत वेग सेकंदाला ३८,४०० बिटांचा असतो. प्रत्येक बाइटासाठी आरंभाचा एक, माहितीचे आठ, समविषम पडताळणीचा एक आणि अखेरचा एक असे अकरा बिट लागतात. ‘चालव’ ही आज्ञा षोडशमान पद्धतीने लिहिल्यास २०, ०१, २१ अशा तीन बाइटांची होते. पहिल्या दोहोंत आज्ञेचा वर्ग आणि आज्ञा आहे. तिसरा बाइट त्या दोहोंची बेरीज होय. यंत्र ती बेरीज स्वतः करून पाहते आणि जुळली नाही तर संदेश वाटेत बिघडला असे समजते. तीन बाइटांचे तेहतीस बिट जाण्यास सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. यंत्राने नऊ सहस्रांश सेकंदांच्या आत उत्तर द्यावे असा नियम आहे.

हे उत्तर काय असते? आज्ञा नीट पोचली असल्यास यंत्र १०, ०१, ११ असा संदेश धाडते. मराठीत याला अचूक शब्द आहे : पोच. कचेरीत अर्ज दिला की कारकून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून देतो. त्या शिक्क्याचा अर्थ अर्ज मंजूर झाला असा नसतो, हे कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. यंत्राच्या पोचेचेही तसेच आहे. आज्ञा पोचली आणि ती कळली, एवढेच ती सांगते. फीत फिरू लागली की नाही याविषयी ती मौन पाळते.

नकाराचेही प्रकार आहेत. आज्ञा परिभाषेत नसेल, बेरीज जुळत नसेल किंवा संदेश अर्धवट राहिला असेल तर यंत्र नकाराचा संदेश पाठविते आणि कारणही कळविते. पण ही सर्व कारणे ‘कळले नाही’ या जातीची आहेत. ‘कळले, पण करता येत नाही’ या जातीची माहिती, उदाहरणार्थ कॅसेट आत नाही किंवा यंत्रावरील खटका ‘स्थानिक’ नियंत्रणावर आहे, ही मिळवावयाची तर फलकाने यंत्राला त्याची स्थिती वेगळी विचारावी लागते. म्हणून चांगला फलक आज्ञा देऊन स्वस्थ बसत नाही. तो यंत्राला सतत विचारीत राहतो : तू थांबलेला आहेस की चालू? मुद्रण करतो आहेस काय? वेग जुळला काय? टाइमकोड किती झाला? फलकावरील विश्वासार्ह दिवे हे या प्रश्नांच्या उत्तरांवर लागतात.

५

एवढ्यानेही प्रश्न संपत नाही. आज्ञेपासून मुद्रणापर्यंत चार पायऱ्या आहेत : आज्ञा दिली गेली, आज्ञा पोचली, यंत्र मुद्रणाच्या स्थितीत गेले, आणि फितीवर चित्र खरोखर उमटले. यांतील पहिल्या तिन्ही पायऱ्या खऱ्या असून चौथी खोटी असू शकते. हेडवर फितीचा चुरा बसला तर फीत फिरते, आकडे पुढे सरकतात, तांबडा दिवा स्थिर राहतो, आणि फितीवर चित्राऐवजी केवळ धूसर कण उमटतात. फलक येथे खोटे बोलत नाही. यंत्र मुद्रणाच्या स्थितीत आहे हे त्याचे विधान खरेच आहे. चूक होते ती त्या विधानातून अधिक अर्थ काढणाऱ्याची.

सर्वांत फसवी साक्ष मात्र मॉनिटरची असते. थांबलेले किंवा मुद्रण करणारे यंत्र आपल्या निर्गमावर बहुधा कॅमेऱ्याकडून आलेलेच चित्र दाखविते. ते चित्र विद्युत्-मंडलांतून फिरून परत आलेले असते. फितीला त्याचा स्पर्शही झालेला नसतो. फीत जागची हलली नसली तरी पडद्यावर वक्ता बोलताना स्वच्छ दिसतो. ‘चित्र दिसत होते’ ही मुद्रण हुकल्यानंतर नेहमी ऐकू येणारी सबब आहे आणि ती प्रामाणिक असते. पण दिसणे आणि मुद्रित होणे हे दोन वेगळे व्यापार आहेत. यावर उपाय म्हणून पुढील काळातील काही व्यावसायिक यंत्रांत लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारे हेड बसविण्यात आले, जेणेकरून नुकतेच लिहिलेले त्याच क्षणी वाचून दाखविता यावे. चौथ्या पायरीची प्रत्यक्ष साक्ष देणारी ही रचना होय. जेथे ती नाही, तेथे एकच खात्रीचा मार्ग उरतो : थोडे मुद्रण करावे, मागे जावे आणि ते पाहावे.

६

आज्ञा आणि तिचे फल यांच्यात काळाचेही अंतर असते. फितीच्या यंत्राला वेग जुळविण्यास काही सेकंद लागत, म्हणून संकलन करताना यंत्राला हव्या जागेच्या सुमारे पाच सेकंद मागे नेऊन तेथून चालवीत आणि नेमक्या जागी आपोआप मुद्रण सुरू होई. असे करता येण्यासाठी फितीवरील प्रत्येक चित्राला ओळख असावी लागते. ती टाइमकोडाने मिळते. तास, मिनिटे, सेकंद आणि चित्रांक अशी ही ओळख प्रत्येक चित्रास ८० बिटांत नोंदविली जाते. भारतातील पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असल्याने एका चित्राचा काल ४० सहस्रांश सेकंद होतो. टाइमकोडामुळे आज्ञेला अट जोडता आली : ‘आता मुद्रण कर’ याऐवजी ‘अमुक चित्र आले की मुद्रण कर’.

कळ दाबण्याचा क्षण हा मुद्रणाचा आरंभ नव्हे, एवढी एकच गोष्ट ज्याच्या मनात ठसली, त्याच्या हातून पहिले वाक्य तुटलेले मुद्रण होत नाही. अनेक फलकांवर कळेतील दिवा आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लुकलुकणे म्हणजे ‘आज्ञा घेतली, तयारी चालू आहे’. स्थिर होणे म्हणजे ‘स्थिती प्राप्त झाली’. वक्त्याला बोलण्याची खूण स्थिर दिव्यानंतरच द्यावी.

७

फितीचा काळ आता मागे पडला आहे. सोनी कंपनीने बीटाकॅम कॅसेटची विक्री मार्च २०१६ मध्ये थांबविली. आज मुद्रण कार्डावर किंवा डिस्कवर होते. वर वर्णिलेली नऊ पिनांची पद्धत मात्र डिस्कच्या कित्येक रेकॉर्डरांत अजून कायम आहे. तिच्या जोडीला जाळ्यावरून चालणारे नियंत्रणही आले आहे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीच्या हायपरडेक नामक रेकॉर्डरांत तर आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत पाठविता येतात. ‘रेकॉर्ड’ हा शब्द पाठविला की ‘२०० ओके’ असे उत्तर येते. हीच पोच. यंत्राची चालू स्थिती निराळ्या संदेशाने कळविली जाते. नकार मात्र येथे अधिक बोलके आहेत : डिस्क भरली, डिस्क नाही, चित्र येत नाही, दूरनियंत्रण बंद आहे, अशा प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक आहे. ‘कळले नाही’ आणि ‘करता येत नाही’ यांतील भेद या परिभाषेने उघड केला, ही तिची मोठी सुधारणा होय.

याउलट घरगुती आणि हाती धरावयाच्या कॅमेऱ्यांचे अवरक्त किरणांवर चालणारे साधे नियंत्रक एकमार्गी असतात. ते आज्ञा पाठवितात. त्यांच्याकडे परत काहीच येत नाही. त्यातच मुद्रणाचा आरंभ आणि शेवट यांना बहुधा एकच कळ असते. अशा कळेचा अर्थ यंत्राच्या तत्कालीन स्थितीवर अवलंबून असतो. यंत्र थांबलेले असेल तर ‘सुरू कर’, चालू असेल तर ‘थांब’. पहिल्या दाबाने काम झाले की नाही अशी शंका येऊन जो पुन्हा दाबतो, तो चालू झालेले मुद्रण स्वतःच्या हाताने थांबवितो. मग मुलाखत मुद्रित होत नाही, आणि मुलाखतीनंतरची आवराआवर मात्र मुद्रित होते. शंका आली असता आज्ञा पुन्हा देणे हा येथे उपाय नव्हे. स्थिती पाहणे हाच उपाय होय.

दूरध्वनीच्या पडद्यावर चालणारे नियंत्रण दुहेरी असते, पण त्यात निराळा धोका आहे. जोडणी तुटली तर पडद्यावर शेवटी आलेली स्थिती तशीच राहू शकते. ते विधान एकेकाळी खरे होते. आता त्याला आधार नाही. म्हणून फलकाला ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘ठाऊक नाही’ असे तिसरे उत्तर देता आले पाहिजे. सरकणारा टाइमकोड येथे उपयोगी पडतो. स्थिर दिव्यापेक्षा पुढे जाणारा आकडा अधिक विश्वसनीय, कारण आकडा पुढे जाण्यास प्रत्येक क्षणी नवा संदेश यावा लागतो.

८

भाषेच्या क्षेत्रकार्यात या सर्वांचा संबंध कोठे येतो, हे आता स्पष्ट करता येईल. केवळ ध्वनिमुद्रणाने भागत नाही अशी कितीतरी भाषिक सामग्री असते. ‘हा’, ‘तो’, ‘तिकडे’ यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या बोटाशिवाय आणि नजरेशिवाय लागत नाही. आप्तसंज्ञा सांगताना, शेतीची अवजारे दाखविताना, विणकाम समजावून देताना हात आणि शब्द एकत्र चालतात. म्हणून चित्रमुद्रण हवे. पण कॅमेऱ्यामागे उभा असलेला मनुष्य संभाषणाचे स्वरूप बदलून टाकतो. विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ मध्ये हा पेच नेमक्या शब्दांत मांडला : कोणी निरीक्षण करीत नसताना लोक कसे बोलतात हे जाणून घ्यावयाचे, आणि ते तर निरीक्षण करूनच जाणून घ्यावे लागते. दूरनियंत्रणाने हा पेच सुटत नाही; तथापि संशोधकाला यंत्रामागून उठून बोलणाऱ्याच्या शेजारी, पडवीत वा चुलीपाशी बसता येते, एवढा त्याचा उपयोग निश्चित आहे.

याच सोयीतून एक कर्तव्य निर्माण होते. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगास असलेला लहान तांबडा दिवा फलकाशी बसलेल्यासाठी नसतो. तो बोलणाऱ्यासाठी असतो. ‘आपले मुद्रण चालू आहे’ हे विधान तो त्याला उद्देशून करतो. बोलणे अधिक स्वाभाविक व्हावे म्हणून हा दिवा मालविण्याची सोय पुष्कळ कॅमेऱ्यांत असते. संमती आधी घेतलेली असली तरी मुद्रण केव्हा सुरू झाले आणि केव्हा थांबले हे जाणण्याचा बोलणाऱ्याचा हक्क उरतोच. दूरनियंत्रण हे संशोधकाला दूर करण्याचे साधन आहे, मुद्रण लपविण्याचे नव्हे. दिवा मालवावयाचा असेल तर आरंभ आणि शेवट तोंडाने सांगितला पाहिजे.

कामाचा क्रमही यावरून ठरतो. प्रथम यंत्रावरील खटका दूरनियंत्रणाकडे वळविला आहे काय, कार्डाला किंवा कॅसेटला मुद्रणबंदी नाही ना आणि जागा पुरेशी आहे काय, हे यंत्राजवळ जाऊन पाहावे. नंतर फलकावरूनच अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून, ते थांबवून, यंत्रावर आवाजासह पाहावे. प्रत्यक्ष मुद्रणाच्या वेळी कळ दाबल्यावर दिवा स्थिर होईपर्यंत आणि आकडे सरकू लागेपर्यंत थांबावे. मग स्थळ, दिनांक आणि भाषेचे नाव उच्चारून वक्त्यास आरंभ करण्यास विनवावे. मधूनमधून दिव्याऐवजी आकड्यांकडे पाहावे. आणि वक्ता उठून जाण्यापूर्वी शेवटचे एक मिनिट पुन्हा पाहावे. हे शेवटचे मिनिट सर्वांत अधिक वगळले जाते आणि सर्वांत अधिक उपयोगी असते. कारण चूक आढळली तर ती दुरुस्त करता येईल असा तो अखेरचा क्षण असतो.

अंदमानातील बो ही भाषा बोलणाऱ्या अखेरच्या व्यक्ती, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी निवर्तल्या. अन्विता अब्बी यांनी त्यांच्याकडून संकलित केलेली सामग्री उपलब्ध आहे म्हणून त्या भाषेविषयी आज काही बोलता येते. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली ही, जिचे कोणत्याही भाषाकुलाशी नाते निश्चित झालेले नाही अशी, भाषा आहे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हापासून ती अभ्यासकांपुढे प्रश्न म्हणून उभी आहे. अशा भाषेतील एखादी वृद्ध स्त्री जी कथा आज सांगेल, ती पुढील हंगामात सांगावयास असेलच असे नाही. तिच्यासमोर बसलेल्या संशोधकाच्या हातात जो लहानसा फलक असतो, त्यावरील तांबड्या दिव्याने नेमके काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

आज्ञा देणे सोपे आहे आणि पोच मिळविणेही सोपे आहे. संशोधनाचा आधार मात्र यांपैकी कशावरही उभा राहत नाही. तो ताळ्यावर उभा राहतो. मुद्रित झालेले पुन्हा पाहिले, ऐकले आणि ते आहे अशी खात्री झाली, तेव्हाच मुद्रण झाले असे म्हणावे.